सड्यावरचं डांबर

डांबराचा वास आला की मला भूक लागते. हे घरात सांगितलं की सगळे हसतात. सुना नाकाला पदर लावतात, नातवंडं खिडक्या लावून घेतात आणि मी दारात खुर्ची टाकून बसते. हल्ली रस्त्याचं काम निघालं की एक पिवळं यंत्र येतं, घरघर करत गल्ली काळी करतं आणि अर्ध्या तासात निघून जातं. कुणी त्या डांबरात काडी बुडवून बघत नाही, कुणी दगडावर थेंब पाडून अंगठ्याने दाबत नाही. मला त्या पोरांचा राग येतो. भाजी न चाखताच ताटात वाढावी, तसलं ते काम. पण वास तोच असतो. तो नाकात गेला की मला ज्वारीची भाकरी, कांदा आणि लसणाची चटणी हवी होते, आणि डोळे मिटले की लातूरचा तो रस्ता दिसायला लागतो.

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती ती. शेवटची होती हे आता म्हणायचं. तेव्हा ती नुसती वर्षं होती, एकामागून एक येणारी. माझं माहेर नांदेडचं, नदीच्या काठचं. लहानपणापासून सकाळी डोळे उघडले की पाणी दिसायचं. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा मला अठरावं सरलं होतं. स्टेशनाकडून गंजाकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही एक खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी मी मालकांना विचारलं, "नदी कुठं हाय इथली?" नवऱ्याला आमच्यात मालक म्हणतात, तेच मीही म्हणायचे. त्यांनी दाराबाहेर बोट केलं. बाहेर रस्ता होता. मला वाटलं, थट्टा करतात. पण उन्हाळ्यात दुपारी उंबऱ्यावर बसून बघितलं तर तो रस्ता खरोखरच हलायचा. दूर स्टेशनाच्या बाजूला पाणी साचल्यासारखं दिसायचं, त्यातून बैलगाड्या चाकं न भिजवता यायच्या, आणि मला पेंग यायची. पेंगेत मला वाटायचं की मी घाटावरच बसले आहे.

मालक डांबर शिजवायचे. सरकारी बांधकाम खात्याला तेव्हा सगळे तामीरात म्हणत. त्या तामीरातीच्या टोळीवर ते मिस्त्री होते, पण नोकरी कच्ची. टोळी जिथं जाईल तिथं जायचं. कधी उदगीर, कधी नांदेड, कधी देगलूरच्याही पलीकडे. लग्नाच्या पहिल्या वर्षात ते घरी किती दिवस होते ते मी बोटांवर मोजलं होतं, आणि बोटं पुरली होती म्हटलं तरी चालेल. एरवी मी, ती खोली, आणि दारातून वाहणारा तो रस्ता. मला ते घरी हवे होते. यात लाजण्यासारखं काय आहे? तेव्हा मात्र लाजायचे आणि कुणाजवळ बोलायचे नाही.

त्या वर्षी चैत्रात ते घरी आले आणि जेवता जेवता म्हणाले, "साहेबानं एक फर्लांग माझ्या हवाली केलाय. आपल्या दारापासून नाल्याच्या पुलापर्यंत. माझ्या हातानं शिजवायचं, माझ्या हातानं ओतायचं. दोन बाजाराचे दिवस गाड्या जाऊ द्यायच्या त्यावरून. मग मुआयना, म्हंजे साहेबाची तपासनी."

"मग?"

"टिकलं तर नोकरी पक्की. लातूरचेच रस्ते बघायचे. न्हाई टिकलं तर टोळी सरहद्दीकडं चालली हाय, तिच्यासंगं जायाचं."

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्यांना नको होती, तरी टाकली. 

रस्ता मुळात डांबरीच होता. पण दोन-तीन उन्हाळे खाल्ले की डांबर करपतं, राखाडी पडतं, त्याला भेगा जातात. भेगेतून पाणी आत शिरलं की खालची खडी सुटते आणि मग सगळंच उखडतं. म्हणून ते व्हायच्या आधी वरून नव्या डांबराचा एक पातळ थर द्यायचा. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्या थराचं काम. हे सगळं मला मालकांनी संध्याकाळी सांगितलेलं. ते बाजेवर बसायचे आणि मी त्यांच्या बोटांना करडईचं तेल चोळायचे. डांबर पाण्याने निघत नाही, तेलाने निघतं. तेल चोळायचं, मग चण्याचं पीठ लावायचं, मग ऊन पाणी. एकेक बोट काळ्याचं तपकिरी व्हायचं, तपकिरीचं त्यांचं स्वतःचं व्हायचं. पाच बोटं झाली की ते दुसरा हात पुढे करायचे. ते एवढं बोलायचे ते तेव्हाच, नाहीतर माणूस मुका.

डांबराची पिंपं छोट्या आगगाडीने यायची. एक जात कडक, एक मऊ. कडक डांबर कुऱ्हाडीने फोडायचं, काळ्या खडीसाखरेसारखे त्याचे तुकडे उडायचे. बाभळीच्या जाळावर मोठी लोखंडी कढई, तिच्यात आधी कडक वितळवायचं आणि मग मऊ घालायचं. थंडीत मऊ जास्त, उन्हाळ्यात कडक जास्त. उन्हाळ्यात मऊ जास्त झालं तर दुपारी रस्त्याला घाम सुटतो आणि चाकाला चिकटून वर येतो. किती घालायचं याचं माप कागदावर होतं म्हणे, पण मालक धुराकडे बघायचे. पांढरा धूर ठीक. पिवळा दिसला की करपलं, ते फेकून द्यायचं.

मी एकदा दुपारची भाकरी घेऊन कढईजवळ गेले होते. त्यांनी लांब काडी बुडवून वर काढली, काडीवरून डांबराची धार लांबत गेली. मी पदराआडून म्हटलं, "एकतारी झाला की पाक." टोळीतल्या बाया खो खो हसल्या. मालकांनी थेंब दगडावर पाडला, निवू दिला, अंगठ्याने दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "झालाच हाय." त्या दिवसापासून मी गेले की ते काडी वर धरून मला दाखवायचे. गुळाचा पाक माझ्या आईने मला शिकवला होता. तो असा कामी येईल असं तिला वाटलं नसेल.

टोळीत सगळ्यांत जुनी होती ती अम्मा. तेलंगणाकडची, देगलूरच्या खालच्या अंगाची. काळीशार, उंच, दात पडलेले. झाडायचं काम तिचं. डांबर ओतायच्या आधी रस्ता तीनदा झाडायचा. आधी खराट्याने, मग शिंदीच्या झाडूने, शेवटी पोती आपटून आपटून भेगांतली धूळ उडवायची. "धूल म्हंजे दुश्मन, बिड्डा," अम्मा मला म्हणायची. लेकराला तिच्याकडे बिड्डा म्हणतात. "आन् पानी म्हंजे धुलीचा बाप." गरम डांबर ओल्यावर पडलं की फसफसतं, वरून धरल्यासारखं दिसतं आणि खालून सुटं राहतं. म्हणून वरून टाकायची बारीक खडीसुद्धा आधी उन्हात वाळवायची, कढईत भाजायची. मला हे सगळं पाठ होतं. कुणी विचारलं असतं तर मी घडाघडा म्हणून दाखवलं असतं. म्हणूनच पुढचं सांगताना अजून तोंड कडू होतं.

आमच्या दारासमोरचा रस्ता अम्माने आदल्या दिवशी संध्याकाळी झाडून लख्ख केला. मालकांनी सगळ्या आळीला बजावलं, रस्त्यावर पाण्याचा थेंब सांडू नका. आणि राखण माझ्याकडे दिली. मी कंबर बांधून उंबऱ्यावर उभी राहिले. शेजारीण घागर घेऊन आली तर तिला मागच्या बोळातून पिटाळलं. एक म्हातारबाबा चूळ भरायला बाहेर आले, त्यांना चूळ गिळायला लावली. पोरं, कुत्री, कुणाला म्हणून सोडलं नाही. आळीत मी मोठी मिस्त्रीणबाई झाले होते.

आणि पहाटे उठून मी सडा टाकला.

कसा टाकला, कोण जाणे. रोज टाकायचे तसाच टाकला. नाही, खोटं कशाला बोलू, रोजच्यापेक्षा मोठा टाकला. रोज मी दारापुरता टाकायचे. त्या दिवशी बादलीत ताजं शेण कालवलं आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत हात फिरवत गेले. इतकं झाडलेलं स्वच्छ अंगण मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. त्यावर ठिपके मांडले, कमळ काढलं, कमळाला पाकळ्या वाढवत नेल्या, मध्ये हळदकुंकू वाहिलं. आज आपल्या घराचं चांगलं होणार आहे, मग दार कोरडं कसं ठेवायचं? पाणी टाकू नका असं सांगितलं होतं आणि मी पाणी टाकत नव्हते. मी सडा टाकत होते. पाणी म्हणजे घागरीतलं, सांडलेलं, चूळ भरलेलं. सडा हेही पाणीच असतं हे माझ्या मनालाच शिवलं नाही. हात फिरत होता, पूर्वेला उजाडत होतं, शेणाचा ओला वास येत होता आणि मी अर्धी झोपेत, अर्धी सुखात होते. तसं सुख मला पुढे फार वेळा मिळालं नाही.

मालक तिकडे पहाटेपासून कढईशी होते. ऊन वर आल्यावर टोळी आली. अम्मा पुढे होती. ती माझ्या कमळाशी येऊन थांबली, वाकली, बोट टेकवलं, बोटाचा वास घेतला. "अय्यो," ती म्हणाली, "हे कोन केलं?"

मी दारात हसत उभी होते. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम सगळं कळलं. मी चौकट धरली. आमच्या दारासमोर कडुनिंब होता, त्याची सावली दहा वाजेपर्यंत हलायची नाही. सडा वाळायला तिथं ऊनच नव्हतं.

मालक आले. त्यांनी कमळ बघितलं, मला बघितलं. टोळीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "म्याच सांगितलं होतं. चांगल्या कामाची सुरुवात हाय, सडा-रांगोळी पायजे म्हनलं. चला, गरम खडी आना."

गरम खडी आणून त्यावर पसरली, वाफ निघाली, झाडून काढली. पुन्हा पसरली, पुन्हा झाडली. रांगोळी पुसली गेली, पण शेणाची खपली भेगांत बसली होती ती बसलीच. तेवढ्यात साहेब आले. हैदराबादचे, उंच, उन्हाने लाल झालेले, मिशा पांढऱ्या. कढई तयार होती. डांबर तयार झालं की थांबत नाही, थांबवलं तर करपतं. आणि तासभर थांबू या म्हटलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, का? मालकांनी झारी भरून घेतली आणि आमच्या दारापासून सुरुवात केली.

काळी धार पडली आणि चुर्रर्र असा बारीक आवाज आला. फोडणीत ओली मिरची पडावी तसा. साहेब पलीकडे कढई बघत होते. तो आवाज दोघांनीच ऐकला, मालकांनी आणि मी. त्यांनी मान वर केली नाही. बायांनी मागून टोपल्यांनी खडी फेकली, बैलांनी लोखंडी रूळ ओढला, आणि दुपारपर्यंत पुलापर्यंतचा रस्ता काळा, सपाट, चकाकता होऊन पडला. लोक बघायला आले. दुपारच्या उन्हात तो आमच्या दारातून वाहतच होता. पण मला त्या दिवशी नांदेडची नदी दिसली नाही.

संध्याकाळी मी तेल घेऊन बसले. एक बोट झालं, दुसरं झालं. ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. पाचवं बोट झालं तरी ते ओरडले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "अवो, बोला की कायतरी. हाना मला."

त्यांनी दुसरा हात पुढे केला. मग म्हणाले, "कमळ झाक होतं."

मी त्यांच्या तेलकट हातावर डोकं ठेवून रडले. दोन दिवस माझ्या केसांना डांबराचा वास येत होता.

आता दोन बाजार उरले होते. ओल्यावरच्या डांबराला कुणी हात लावला नाही तर ते बसूनही जातं, असं अम्मा म्हणाली. पण भरल्या गाडीचं लोखंडी चाक त्यावर वळलं की संपलं. आणि आमचा रस्ता गंजाचा. करडई, शेंगा, कापूस, सगळ्या गाड्या आमच्या दारावरूनच. चाकांना मी कशी अडवणार?

पण वैशाख होता. वैशाखात बाईच्या हातात एक मोठी ताकद असते, ती म्हणजे वाळवण. मी गव्हाचा चीक काढला, कुरडया पाडल्या, आणि घरातलं जुनं लुगडं नेमकं त्या जागेवर अंथरून त्यावर वाळत घातल्या. काळ्या डांबरावर त्या दोन दिवसांत खडखडीत झाल्या. ते बघून शेजारीण आपले पापड घेऊन आली. तिच्यामागून समोरची शेवया घेऊन आली. चार दिवसांत आमच्या दारासमोर अर्धा रस्ता लुगड्यांनी भरला आणि आम्ही बाया कडुनिंबाखाली हातात काठ्या घेऊन राखणीला. कावळ्यांना हाकलायचं आणि गाड्यांनाही. कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायांना माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. अजून वाटतं, एकदोघींना तरी माहीत असावं.

ते दिवस मला अजून स्वप्नात येतात. पांढऱ्या कुरडया, लाल लुगडी, खाली काळा रस्ता, वर निंबाची हलणारी सावली. हवा डांबराच्या वासाने जड झालेली. दुरून घुंगरं वाजायची, हलत्या पाण्यातून एक गाडी वर यायची, आमच्यापाशी येऊन बाजूला व्हायची आणि पुन्हा पाण्यात उतरायची. कुणी ओव्या म्हणायचं, कुणी घोरायचं. मला भीती होती आणि तरी मी सुखात होते, हे कसं ते मला सांगता येणार नाही. मालक रोज संध्याकाळी घरी येत होते, हे एक कारण असेल.

पहिला बाजार निभावला. दुसऱ्या बाजाराला गाड्यांची रांगच लागली. एक गाडीवान, करडईची पोती वरपर्यंत रचलेली, बैल थांबवून ओरडला, "ये बाई, उचल तुझ्या कुरडया! रस्ता तुझ्या बापाचा हाय का?"

"न्हाई," मी म्हटलं, "माझ्या मालकाचा हाय."

बाया हसल्या, तोही हसला, आणि गाडी बाजूने काढली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी मुआयना. साहेब पुलाकडून चालत आले, हातात बारीक लोखंडी सळई. जागोजागी टोचून बघत होते. मालक एक पाऊल मागे. पूर्ण फर्लांगभर सळई कुठं आत गेली नाही. आमच्या दारापाशी आले आणि थबकले. "क्यों मिस्त्री, ये क्या दस्तरख्वान बिछाया?" ते हसत होते. खरंच, जेवणाची पंगत मांडल्यासारखंच दिसत होतं ते. "जरा उठाओ."

शेजारणींनी पापड उचलले, शेवया उचलल्या. माझं लुगडं राहिलं. मी पुढे झाले, कुरडया सुपात भरल्या, लुगड्याचं टोक धरलं आणि ओढलं. ते येईना. इतक्या दिवसांच्या उन्हाने डांबर मऊ होऊन त्याला चिकटलं होतं. मी आणखी ओढलं. तव्यावरून भाकरी सुटावी तसा डांबराचा एक मोठा तुकडा लुगड्याबरोबर अलगद वर आला आणि उलटा झाला.

त्याच्या खालच्या अंगाला माझं कमळ होतं. सगळं नाही. चार पाकळ्या आणि दहा-बारा ठिपके, काळ्यावर पांढरे, जसे मी पहाटे मांडले होते तसे. पुसली गेली असं आम्हाला वाटलेली रांगोळी ओल्या शेणात रुतून बसली होती, ती डांबराने उचलून घेतली होती.  साहेब वाकून ते बघत राहिले.

"गीला था?" त्यांनी विचारलं.

"हाव हुजूर."

"मालूम था?"

"हाव. चूक माझी हाय. दुसऱ्या कुनाची न्हाई."

तोवर मी कुठल्या साहेबासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर डोक्यावरून खाली ओढला आणि लुगडं हातात तसंच धरून म्हटलं, "सडा म्या टाकला. त्यांनी न्हाई सांगितलं. त्यांनी टाकू नको म्हनून सांगितलं होतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही, नजर खाली ठेवली. फार अदबीचा माणूस. ते मालकांना हळूच म्हणाले, "पूरा रास्ता उम्दा है. हाथ पक्का है तुम्हारा. मगर गीला देखके भी डाल दिया. एक बार पूछते तो मैं ठहर जाता." मग म्हणाले, "दो साल और. टोली के साथ."

दोन वर्षं. मी ते शब्द ऐकले आणि मला वाटलं, हे कमळ पायाने पुसून टाकावं. मी लुगडं नसतं अंथरलं तर ते डांबर बसून गेलं असतं का? की पहिल्याच चाकाने निघालं असतं? साठ वर्षांहून जास्त काळ मी यावर डोकं फोडते आहे. मालकांना विचारलं की ते म्हणायचे, "कुरडया लई चांगल्या झाल्या होत्या."

टोळी निघायच्या आदल्या दिवशी मालकांनी छोटी कढई आमच्या दारात मांडली. म्हणाले, "ये. तुझं तू कर." मी खराटा घेतला. खराट्याने झाडलं, झाडूने झाडलं, पोतं आपटून आपटून भेगा फुंकल्या. अम्मा शेजारी बसून पान चघळत, बोटाने दाखवत होती, इथं राहिलं, तिथं राहिलं. खडी मी भाजली. काडी मी बुडवली. एकतारी झाला तेव्हा मी मान हलवली आणि त्यांनी झारी भरली. त्यांनी ओतलं, मी त्यांच्या मागून खडी फेकत गेले. या खेपेला आवाज आला नाही. रूळ नव्हता, म्हणून अम्माने आणि मी जात्याची तळी फिरवून फिरवून ती जागा दाबली. शेजाऱ्यांनी बघितलं असेल. मला कुणाचीच लाज वाटत नव्हती.

सकाळी निघताना त्यांनी गाठोडं खांद्याला लावलं, त्या जागेवर पाय आपटून बघितला आणि म्हणाले, "आता सडा टाकत जा. रोज. बसलेल्या डांबराला पान्यानं काई होत न्हाई."

मी टाकला. दोन वर्षं, रोज पहाटे, एकही दिवस न चुकता. पाणी त्या जागेवरून निथळून जायचं, एक थेंब आत जायचा नाही. मी रांगोळी काढायचे, रस्त्याकडे बघायचे, आणि बादली उचलून आत यायचे. मधे दोनदा ते दोन-दोन दिवस येऊन गेले. त्या दिवसांचं काय सांगू, ते येतात न येतात तोवर जायचे. राग मला स्वतःचाच यायचा, आणि एकटी असताना मी तो मोठ्याने बोलून काढायचे. आळीत म्हणत, मिस्त्रीणबाई सड्याशी भांडते.

मग, दोन वर्षं उलटून गेल्यावर, थंडीतली एक पहाट. मी कमळाला शेवटची पाकळी जोडत होते. धुकं होतं, रस्ता पुलाकडे जाऊन धुक्यात बुडाला होता. त्यातून कुणीतरी चालत आलं आणि सड्याच्या पलीकडच्या काठावर थांबलं. फाटकं घोंगडं, खांद्याला गाठोडं. डांबराचा वास आला आणि मला भूक लागली. खरंच, आधी भूक लागली, मग ओळखलं.

"पक्की झाली," ते म्हणाले. "लातूरलाच."

मी रांगोळीची मूठ तशीच धरून बसले होते. म्हटलं, "मग तिथं काय उभे ऱ्हायलात? या की."

"ओलं हाय," ते म्हणाले. "वाळू दे आधी."

दोन वर्षं ज्या जागेवर मी एक पाऊल नीट टाकलं नव्हतं, पाकळी मोडेल म्हणून कडेकडेने चालले होते, ती सगळी मी तुडवत गेले.